रेषीय विद्युत् चलित्राचे सुदृढ वेगनियंत्रण

भिलई नगरातील सुपेला ही वस्ती जी. ई. रोड आणि मुंबई–हावडा लोहमार्ग यांच्या सान्निध्यात वसलेली आहे. या लोहमार्गावरून दिवसरात्र मालगाड्या जातात. त्यांतील काहींच्या वाघिणी कोळशाने शिगोशीग भरलेल्या असतात, तर काही रिकाम्या परतत असतात. रुळांच्या आसपास राहणाऱ्या माणसास हा भेद केवळ आवाजावरून कळतो. एंजिनातील चलित्रांना मात्र भरलेली गाडी आणि रिकामी गाडी यांतील अंतर स्वतःहून समजत नाही. ते एंजिनचालकास किंवा नियंत्रक यंत्रणेस समजावे लागते. ओढावयाचे वजन किती, वाटेत चढ किती, घर्षण किती, यांची नेमकी माहिती नसतानाही ठरवून दिलेला वेग राखणे हा वेगनियंत्रणाचा मूळ प्रश्न होय. यंत्राविषयीची माहिती अपुरी अथवा काहीशी चुकीची असली तरी ज्याची हमी ढळत नाही, अशा नियंत्रणास सुदृढ नियंत्रण म्हणतात. हा प्रश्न सर्वच चलित्रांचा असला, तरी रेषीय चलित्रात तो जितक्या उघड्या स्वरूपात समोर येतो तितका इतरत्र येत नाही.

नेहमीच्या विद्युत् चलित्रात बाहेरचा भाग स्थिर असतो व आतला फिरतो. बाहेरच्या भागातील गुंडाळ्यांतून त्रिकला प्रवाह सोडला की फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि ते आतल्या भागास आपल्यामागे ओढते. हेच चलित्र एका बाजूने कापून चटईसारखे उलगडले अशी कल्पना केल्यास फिरणारे क्षेत्र सरळ रेषेत सरकू लागते आणि फिरविणाऱ्या प्रेरणेची जागा सरळ रेटा घेतो. क्षेत्राचा वेग हा ध्रुवांतर व वारंवारता यांच्या गुणाकाराच्या दुप्पट असतो. ध्रुवांतर २५ सेंमी. आणि वारंवारता ५० हर्ट्‌झ असेल, तर क्षेत्र सेकंदास २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किमी. या वेगाने सरकते. प्रवर्तन जातीच्या चलित्रात समोर केवळ अॅल्युमिनियमचा पत्रा व त्यामागे लोखंड असले तरी भागते. पत्र्यात उत्पन्न होणारे भोवरी प्रवाहच त्यास ढकलतात. समकालिक जातीत पत्र्याऐवजी चिरचुंबक किंवा विद्युत् चुंबक बसवितात.

ही कल्पना जुनी असली, तरी तिला प्रतिष्ठा मिळवून दिली ती लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील एरिक लेथवेट यांनी. रेटा चाक आणि रूळ यांच्या घर्षणावर अवलंबून नसल्यामुळे चढावर चाके घसरण्याची चिंता येथे उरत नाही. कॅनडातील व्हँकूव्हर येथील १९८५ पासूनची नगर-रेल्वे आणि जपानमधील काही भुयारी मार्ग याच तत्त्वावर चालतात. २०१५ मध्ये जपानच्या यामानाशी चाचणी मार्गावर ताशी ६०३ किमी. वेग गाठणारी चुंबकीय गाडीही रेषीय समकालिक चलित्राचीच होती. महाराष्ट्रात मुंबई–पुणे हायपरलूपच्या निमित्ताने २०१८ च्या सुमारास या चलित्राची बरीच चर्चा झाली. पुढे २०२३ च्या अखेरीस ती योजना मांडणारी कंपनीच बंद पडली. अशा दिपवून टाकणाऱ्या वेगांमुळे या चलित्राविषयी एक गैरसमज मात्र पसरला आहे. कठीण भाग वेग गाठण्याचा आहे असे वाटते. वस्तुतः तो वेग राखण्याचा आहे, आणि पुष्कळदा मंद वेग राखण्याचा.

याचे कारण चलित्र उलगडण्याच्या त्या क्रियेतच आहे. गोल चलित्राला टोक नसते. रेषीय चलित्राला दोन असतात. सरकणाऱ्या गुंडाळ्यांचे पुढचे टोक प्रतिक्षणी पत्र्याच्या नव्या, अद्याप चुंबकीय क्षेत्र न अनुभवलेल्या भागावर येते. तो भाग क्षेत्राच्या अचानक प्रवेशास विरोध करतो आणि म्हणून पुढच्या भागात क्षेत्र क्षीण राहते. मागच्या टोकाशी याच्या उलट घडते; चलित्र पुढे निघून गेले तरी पत्र्यातील प्रवाह काही काळ रेंगाळतात. १९८३ मध्ये जे. डंकन यांनी या अंत्य परिणामासाठी एक सुटसुटीत मापन सुचविले. पत्र्यावरील एखाद्या बिंदूवरून संपूर्ण चलित्र पार होण्यास लागणारा काळ, आणि पत्र्यातील प्रवाह विरण्यास लागणारा स्वाभाविक काळ, यांचे गुणोत्तर घ्यावयाचे. हे गुणोत्तर १० असताना चुंबकन सुमारे दहा टक्क्यांनी घटते. वेग पाचपट होऊन ते २ वर आले की घट ४३ टक्क्यांवर जाते. म्हणजे ज्या यंत्रावर हुकमत चालवावयाची तेच यंत्र वेगानुसार बदलत जाते. त्यात पत्रा तापला की त्याचा रोध वाढतो, आणि बसविलेले गणित पुन्हा हलते. गाडीच्या चलित्रात मधली फट दहाबारा मिलिमीटर ठेवावी लागते. गोल चलित्रात ती बहुधा एका मिलिमीटरच्या आत असते. रूळ थोडा खचला तरी ही फट बदलते, आणि फटीबरोबर रेटाही.

चिरचुंबकांच्या समकालिक चलित्रात अडचणीचे स्वरूप निराळे असते. लोखंडी दाते व चुंबक एकमेकांस ओढतात, त्यामुळे विद्युत् प्रवाह बंद असतानाही सरकता भाग ठराविक जागी अडून बसू पाहतो. कोनाडे असलेल्या फळीवरून हात फिरवावा तसा हा रेटा अंतराअंतराने पुढे-मागे होतो. त्याचा उपद्रव मंद वेगात किती वाढतो हे एका साध्या हिशेबाने दिसते. सरकता भाग १० किलोग्रॅमचा, अडविणाऱ्या बलाचा परमप्रसर १० न्यूटन आणि त्याची पुनरावृत्ती दर ३ सेंमी. अंतरावर आहे असे समजू. वेग सेकंदास ३ मीटर असेल तर हे बल सेकंदास १०० वेळा येते आणि वेगात जेमतेम दीड मिलिमीटर प्रतिसेकंद एवढाच चढउतार घडविते. हजारात सुमारे अर्धा भाग. वेग सेकंदास ३० सेंमी. केला की तेच बल सेकंदास १० वेळा येते, वेगातील चढउतार १६ मिलिमीटर प्रतिसेकंद होतो, आणि हा झाला पाच टक्क्यांहून अधिक. गोल चलित्रास बहुधा दंतचक्रांची पेटी जोडलेली असते. भाराचे धक्के चलित्रापर्यंत पोहोचण्यापूर्वी ती ते पुष्कळसे पचविते. रेषीय चलित्रास अशी ढाल नसते. भार थेट चलित्राच्या अंगावर असतो, आणि तेथून नियंत्रकाच्या.

या नियंत्रकाचे प्रचलित रूप साधे आहे. हवा असलेला वेग आणि मोजलेला वेग यांतील फरक, म्हणजे त्रुटी, काढावयाची. त्रुटीच्या प्रमाणात एक रेटा आणि त्रुटीच्या साचत आलेल्या बेरजेच्या प्रमाणात दुसरा रेटा द्यावयाचा. मोजलेल्या वेगाची वार्ता अशी परत नियंत्रकाकडे आणण्यास पुनःप्रदाय म्हणतात. जगातील बहुसंख्य यंत्रे आजही या प्रमाण-संकलन नियंत्रकावर चालतात, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. विद्युत् बाजूस त्याला सदिश नियंत्रणाची जोड मिळाली. चलित्रातील प्रवाहाचे क्षेत्र निर्माण करणारा आणि रेटा देणारा असे दोन घटक वेगळे करून त्यांवर स्वतंत्र ताबा ठेवण्याची ही युक्ती १९७० नंतर फेलिक्स ब्लाश्के आदी जर्मन अभियंत्यांनी रुजविली. तीमुळे वरच्या नियंत्रकाने मागितलेला रेटा त्यास जवळजवळ तत्काळ मिळू लागला. प्रवर्तन चलित्रात अंत्य परिणामाची दुरुस्ती न करता ती वापरली तर मागितलेला रेटा आणि मिळालेला रेटा यांत वेगाबरोबर वाढणारी तफावत पडते, हे मात्र विसरून चालत नाही.

साधा नियंत्रक कोठे उणा पडतो हेही हिशेबाने पाहावे. १० किलोग्रॅमच्या रिकाम्या गाड्यासाठी त्याची मापे अशी बसविली, की वेग ठरलेल्या मूल्यावर न झुलता स्थिरावतो. आता त्याच गाड्यावर ३० किलोग्रॅमचा भार ठेवला. वस्तुमान चौपट झाले. प्रतिसादाची गती निम्मी झाली आणि अवमंदनही निम्मे झाले. जो वेग शांतपणे स्थिरावत होता तो आता मर्यादा ओलांडून पुढे जातो आणि हेलकावे खात परततो. भरलेल्या गाड्यासाठी मापे बसविली तर रिकामा गाडा वाजवीपेक्षा तडफेने वागतो, आणि मोजमापातील प्रत्येक खडखड रेट्यात उतरते. एकाच जोडाने दोन पायांची मापे भागवावी, असा हा प्रकार.

या कोंडीतून बाहेर पडण्याचा सर्वांत धीट मार्ग सोव्हिएत संघात निघाला. मॉस्को येथे एमेल्यानोव्ह आणि त्यांच्यानंतर वादिम उत्किन यांनी परिवर्ती-रचनेच्या नियंत्रणाचा सिद्धान्त विकसित केला. उत्किन यांच्या १९७७ मधील इंग्रजी लेखामुळे तो जगभर पोहोचला. योगायोग असा की भिलईचा पोलाद कारखाना २ फेब्रुवारी १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला (त्या वेळी हा प्रदेश ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती), आणि १९५८ मध्ये स्थापन झालेल्या पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेसही युनेस्कोमार्फत सोव्हिएत साहाय्य लाभले. पुढे त्याच पवईत बी. बंदोपाध्याय आणि त्यांचे सहकारी यांनी या सिद्धान्ताच्या असंतत-काल रूपावर, म्हणजे संगणकाने ठराविक क्षणांनीच हुकूम द्यावयाचा असता तो कसा वापरावा यावर, महत्त्वाचे काम केले.

सिद्धान्ताचा गाभा बैलगाडीच्या उदाहरणाने समजतो. कच्च्या रस्त्यावर चाक एकदा खोल चाकोरीत पडले की गाडीत कडबा आहे की दगड, यावर तिचा मार्ग ठरत नाही, चाकोरीवर ठरतो. नियंत्रकाने अशी चाकोरी गणिताने आखावयाची असते. वेगाची त्रुटी आणि तिच्या बेरजेची ठराविक पट मिळून येणारी राशी शून्य असणे, ही ती चाकोरी. राशी धन झाली की उपलब्ध रेटा पूर्ण ताकदीने एका दिशेस, ऋण झाली की दुसऱ्या दिशेस. उपलब्ध रेटा हा संभाव्य विक्षोभापेक्षा, म्हणजे भार, घर्षण, चढ आणि दात्यांची अडवणूक यांच्या एकत्रित कमाल परिणामापेक्षा, मोठा असला की प्रणाली चाकोरी सोडू शकत नाही. चाकोरीत असताना त्रुटी किती त्वरेने विरावी हे केवळ आखणाऱ्याने निवडलेल्या पटीवर अवलंबून राहते. ती पट सेकंदास २० निवडली, तर सुमारे ०·१५ सेकंदात त्रुटी मूळच्या पाच टक्क्यांवर येते. मग गाडा १० किलोग्रॅमचा असो की ४० चा. वस्तुमान त्या समीकरणात उरतच नाही. आरंभीची बेरीज योग्य घेतल्यास गाडा पहिल्या क्षणापासून चाकोरीतच असतो, आणि चाकोरीपर्यंत पोहोचण्याचा असुरक्षित काळही टळतो.

एवढी मोठी हमी फुकट मिळत नाही. प्रत्यक्षातील विद्युत् परिवर्तक अनंत त्वरेने दिशा बदलू शकत नाही, मोजमाप क्षणभर उशिरा पोहोचते, आणि त्यामुळे चाक चाकोरीच्या दोन्ही काठांवर आपटत राहते. तांत्रिक भाषेत हीच ती थरथर. तिने चलित्र तापते, धारवे झिजतात आणि यंत्राचा सांगाडा गुंजू लागतो. चाकोरीच्या आसपास एक अरुंद पट्टा मानून त्यात रेटा हळूहळू बदलणे हा रूढ उपाय होय. पण पट्टा रुंद केला की हमीही त्या मानाने पातळ होते. १९९३ मध्ये लेव्हांट यांनी मांडलेल्या उच्च-क्रम पद्धतींत आदळआपट रेट्यात न ठेवता रेट्याच्या बदलदरात ढकलली जाते. थरथर त्यामुळे पुष्कळ कमी होते. तथापि विक्षोभ किती वेगाने बदलू शकतो याची मर्यादा आधी माहीत असावी लागते. हा अर्थातच अज्ञानाचा पत्ता बदलण्याचा प्रकार आहे, आणि बहुतेक वेळा तो फायद्याचा ठरतो.

दुसरा मार्ग अधिक शांत आहे. विक्षोभाची कमाल मर्यादा धरून सतत जय्यत राहण्याऐवजी तो क्षणोक्षणी ओळखून तेवढाच खोडून काढावा, हा विचार जपानमध्ये कोहेई ओनिशी यांनी १९८० च्या दशकात पुढे आणला. प्रवाहावरून चलित्राने दिलेला रेटा कळतो. मानीव वस्तुमान आणि मोजलेला त्वरण यांच्या गुणाकारावरून प्रत्यक्षात कामी आलेला रेटा कळतो. दोहोंतील वजाबाकी म्हणजे विक्षोभ. तेवढा रेटा पुढच्या क्षणी जादा द्यावा. चुकीचे मानलेले वस्तुमानसुद्धा या वजाबाकीत विक्षोभ म्हणूनच जमा होते, हे या पद्धतीचे खरे सौंदर्य. पुण्यातील गिरिनगर येथील संरक्षण प्रगत तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २००८ च्या सुमारास अशा अंदाजकाची सर्पण नियंत्रणाशी, म्हणजे वरील चाकोरी पद्धतीशी, सांगड घातली. विक्षोभाचा मोठा हिस्सा अंदाजक आधीच उचलत असल्याने चाकोरीच्या रक्षणासाठी लहान रेटा पुरतो, आणि थरथर मुळातच मंदावते.

अंदाजकाची कसोटी मोजमापात लागते. सरकत्या भागाचे स्थान एक मायक्रोमीटरच्या पायऱ्यांनी दाखविणारी पट्टी घेतली आणि दर सहस्रांश सेकंदास तिचे वाचन केले, तर वेगातील लहानात लहान पायरी सेकंदास एक मिलिमीटरची पडते. लागोपाठच्या दोन वेगांतून त्वरण काढले तर त्याची पायरी एक मीटर प्रतिसेकंदवर्ग होते. १० किलोग्रॅमच्या गाड्यास ही दहा न्यूटनांइतकी, म्हणजे ज्या अडवणुकीचा शोध घ्यावयाचा तिच्याइतकीच, खोटी बातमी झाली. म्हणून गाळणी लावावी लागते, आणि गाळणी लावली की अंदाज उशिरा येतो. विक्रेते पट्टीच्या सूक्ष्मतेची जाहिरात करतात. त्या सूक्ष्मतेचे त्वरणात काय उरते हे ग्राहकानेच कागदावर मांडून पाहिलेले बरे.

तिसऱ्या मार्गाचे नाव एच-अनंत नियंत्रण. जॉर्ज झेम्स यांनी १९८१ मध्ये त्याची मांडणी केली, आणि १९८९ मध्ये डॉइल, ग्लोव्हर, खरगोणेकर व फ्रान्सिस या चौघांच्या लेखाने ते अभियंत्यांच्या हाती येण्याजोगे झाले. यांपैकी प्रमोद खरगोणेकर हे पवईच्या तंत्रज्ञान संस्थेचे १९७७ चे विद्युत् अभियांत्रिकीचे पदवीधर होत. या पद्धतीत विक्षोभाचे स्वरूप गृहीत धरीत नाहीत. कोणत्याही वारंवारतेचा विक्षोभ आला तरी वेगातील त्रुटीत त्याचे जास्तीत जास्त किती पट रूप उमटू शकेल, ते पाहून ती सर्वांत वाईट पट शक्य तितकी लहान करणारा नियंत्रक शोधतात. हिशेब कागदावर पुरा होतो, हमी आधी लिहून देता येते, आणि थरथरीचा प्रश्न येत नाही. उणीव आहे ती सावधगिरीच्या अतिरेकाची. वस्तुमान १० ते ४० किलोग्रॅमांत कोठेही असू शकेल असे सांगितले, आणि प्रत्यक्षात गाडा वर्षातील बहुतेक दिवस १२ किलोग्रॅमांचाच राहिला, तर कधीतरी येणाऱ्या चाळिसांची किंमत रोज मोजावी लागते. अनिश्चितता किती मानावी, हा निर्णय येथे गणिताकडे सोपविता येत नाही. तो यंत्र चालविणाऱ्याकडून घ्यावा लागतो.

प्रयोगशाळेतील लेखांत या तिन्ही पद्धतींच्या आलेखांची स्पर्धा लावण्याची रीत आहे, आणि लेखकाने सुचविलेली पद्धत त्यात नेहमीच विजयी होते. जुन्या पद्धतीची मापे त्याच निगुतीने बसविली होती काय, हे क्वचितच सांगितलेले असते. परिवर्तक जेवढा रेटा देऊ शकतो त्याच्या मर्यादेशी चलित्र पोहोचले की तिन्ही पद्धतींच्या हमी एकाच वेळी निलंबित होतात, ही गोष्टही आलेखांत सहसा दिसत नाही. कारखान्यात ती रोज दिसते.

पोलादाच्या गावी रेषीय चलित्राचा विचार गाडीपाशी थांबू शकत नाही. सतत ओतकामात वितळलेले पोलाद तांब्याच्या साच्यात ओततात व घट्ट होत जाणारा पट्टा खालून ओढून घेतात. भिलईत ही पद्धत १९८० च्या दशकातील विस्ताराबरोबर आली. जगभरातील अशा यंत्रांत साच्याभोवती किंवा त्याखाली गुंडाळ्या बसवून द्रव पोलाद चुंबकीय क्षेत्राने ढवळतात. ब्लूमच्या साच्यात क्षेत्र बहुधा गोल फिरते. रुंद स्लॅबच्या साच्यात ते सरळ सरकते, आणि तेव्हा हा ढवळा सर्वार्थाने रेषीय प्रवर्तन चलित्र असतो. सरकता पत्रा म्हणजे प्रत्यक्ष पोलादाचा रस. तांब्याची भिंत वरच्या वारंवारतांस आडवी येते, म्हणून साच्यातील ढवळ्यास केवळ काही हर्ट्‌झ वारंवारतेचा प्रवाह देतात.

येथे वेग चुकल्याची किंमत चढउताराच्या टक्क्यांत मोजली जात नाही. रस मंद राहिला तर मलद्रव्यांचे कण वर येण्याऐवजी घट्ट होणाऱ्या कवचात अडकतात. तो अतिवेगाने वाहिला तर साच्यावर तरंगणारी भुकटी खेचली जाऊन पोलादात शिरते. सुमारे ०·७ टक्के कार्बन असलेल्या रुळांच्या पोलादात मध्यभागी कार्बन साचण्याची प्रवृत्ती मुळातच बळकट असते, आणि तेथे साच्याखालच्या ढवळणीकडूनही पुष्कळ अपेक्षा असते. रुळातील असा अंतर्गत दोष बाहेरून दिसत नाही. वर्षानुवर्षे चाके जाऊन तो वाढतो आणि एखाद्या थंडीच्या पहाटे रूळ तडकतो. भिलईचे रूळ देशभर अंथरलेले असल्याने ही बाब केवळ ओतशाळेची राहत नाही.

आणि या चलित्राच्या वेगाचे थेट मोजमाप चालू कामात जवळजवळ अशक्य असते. दीड हजार अंशांहून अधिक तापमानाच्या रसात सूक्ष्म पट्टी बसविता येत नाही. म्हणून वर वर्णिलेले पुनःप्रदायाचे सर्व वैभव येथे आंधळे होते. नियंत्रण राहते ते गुंडाळ्यांतील प्रवाहावर. रसाचा वेग त्यावरून गणिताने अनुमानावा लागतो, आणि साच्याच्या भिंतीची झीज, रसाचे तापमान, ओतण्याची गती, नळीत साचणारी पुटे यांपैकी कशानेही ते अनुमान ढळू शकते. पडताळा घेण्याची रूढ रीत पाहिली तर गंमत वाटते. एका फळीस पोलादी खिळ्यांच्या रांगा ठोकतात, ती फळी काही सेकंद साच्यातील रसात बुडवून वर काढतात, आणि प्रत्येक खिळ्याच्या टोकाशी गोठलेल्या गोळ्याचा उंचवटा कोणत्या बाजूस व किती आहे, ते मोजतात. वाहणाऱ्या पाण्यात काठी धरली असता तिच्या समोरच्या अंगास पाणी जसे चढते, तसाच हा उंचवटा. त्यावरून त्या जागी रस किती वेगाने व कोणत्या दिशेने वाहत होता ते काढतात. एच-अनंताचे गणित आणि खिळ्यांची फळी यांची गाठ पडते ती येथे. अंदाजक कितीही निगुतीने रचला तरी त्याची मापे अखेर त्या फळीवरूनच बसविली जातात, आणि ढवळा बदलला, साचा बदलला किंवा पोलादाचा प्रकार बदलला की फळी पुन्हा रसात बुडवावी लागते.